दांड मातीचा, पाणी देवाचं

जळकोट, उदगीर, अहमदपूर आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यातलं मुखेड या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबं थोडी आणि विखुरलेली आहेत. लहान मंडळीत सगळे एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतात. पाळकाचा संताप, त्याच्यावरची उधारी, त्याच्या घरातली धुसफूस यांतलं काहीच झाकून राहत नाही. रविवारी तोच माणूस पवित्र शास्त्र उघडून क्षमेबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल बोलतो आणि समोर बसलेल्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. या माणसाच्या तोंडून देव बोलतो, असं कसं मानायचं?

कधी हा प्रश्न फार टोकदार होतो. समजा, ज्या पाळकानं आपल्या लेकराला बाप्तिस्मा दिला, तोच दोन वर्षांनी मंडळीच्या पैशात हात घातलेला सापडला. मग तो बाप्तिस्मा खरा की वाया गेला? लग्न लावलं होतं, त्याचं काय? मरणाच्या दारात असलेल्या म्हाताऱ्या आईसाठी त्यानं केलेली प्रार्थना देवानं ऐकली असेल का?

ज्यांची श्रद्धा अशा प्रसंगी डळमळते, त्यांची कीव करून भागत नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती मंडळीनं त्यावर सोळाशे वर्षांपूर्वीच खोलवर विचार केलेला आहे. तो विचार पायरीपायरीनं समजून घेऊ.

कार्थेजचा वाद

सन 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लिशियन यानं हुकूम काढला: ख्रिस्ती लोकांनी आपली धर्मपुस्तकं सरकारजमा करावीत. उत्तर आफ्रिकेत काही धर्माधिकाऱ्यांनी जीव गेला तरी पुस्तकं दिली नाहीत. काहींनी भीतीपोटी देऊन टाकली. छळ थांबल्यावर हिशेब सुरू झाला. कार्थेज शहराचा नवा बिशप सिसिलियन याला ज्यांनी दीक्षा दिली, त्यांच्यापैकी एकावर पुस्तकं सोपवल्याचा आरोप होता. एक मोठा गट म्हणाला की अशा हातांनी दिलेली दीक्षा निष्फळ आहे आणि त्या दीक्षेवर चालणारे बाप्तिस्मेही निष्फळ आहेत. डोनेटस हा त्यांचा पुढारी, म्हणून त्यांना डोनेटिस्ट म्हणतात. सन 314 मध्ये आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेनं त्यांचं म्हणणं नाकारलं, पण फूट शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली.

डोनेटिस्टांची बाजू हलकी नव्हती. त्यांना शुद्ध मंडळी हवी होती. पण त्यांच्या म्हणण्यातून एक अडचण निघत होती. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या मनाच्या शुद्धतेवर अवलंबून असेल, तर कुणालाच आपल्या बाप्तिस्म्याची खात्री देता येणार नाही. आज चांगला दिसणारा माणूस उद्या कसा निघेल, हे कुणाला ठाऊक? आणि त्याला दीक्षा देणारा, त्याच्याही आधीचा, असं मागं मागं जायचं ठरवलं तर थांबायचं कुठं?

आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो या गावचा बिशप ऑगस्टीन यानं ही गाठ सोडवली.

पाणी येतं कुठून?

रब्बीत आपल्याकडे विहिरीवर गहू भिजवतात, ते डोळ्यांपुढं आणा. मोटार सुरू झाली की पाणी मातीच्या दांडातून वाफ्यांकडे निघतं. दारं धरणारा खोरं घेऊन उभा असतो. एक वाफा भरला की माती सारून दुसऱ्याचं तोंड उघडतो. दांडात गहू उगवत नाही. तिथं चिखल असतो, दगड असतात, तण असतं. तरी वाफ्यात पोचलेलं पाणी विहिरीचंच असतं आणि पीक त्याच पाण्यावर वाढतं.

ऑगस्टीननं योहानाच्या शुभवर्तमानावरच्या प्रवचनांत जवळपास हीच उपमा दिली. त्याच्या डोळ्यांपुढं बागेला पाणी नेणारा दगडी पाट होता. त्याचा मुद्दा असा की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच असतो, पाळक हा पाट. म्हणून पाळकाच्या दोषानं तुमचा बाप्तिस्मा बाद होत नाही.

या उपमेचं दुसरं टोक बहुतेक जण विसरतात. पाण्यानं वाफा हिरवा होतो, दांडात मात्र पीक येत नाही. म्हणजे देवानं एखाद्याच्या हातून मोठं काम करवून घेतलं, एवढ्यावरून तो माणूस बरा आहे असं ठरत नाही. हजारांना वाचवणारा उपदेश करून उपदेशक स्वतः कोरडा राहू शकतो. कामाचं यश हा चारित्र्याचा दाखला नाही.

खुद्द ऑगस्टीनच्याही बाबतीत हे लागू पडलं. आपल्या आत्मकथनात त्यानं तरुणपणीची पापं स्वतः उघड केली. पण पुढं डोनेटिस्टांना सरकारी बळानं वठणीवर आणण्याला त्यानंच पाठिंबा दिला आणि त्या चुकीचे परिणाम युरोपनं शतकानुशतकं भोगले. तरीही त्यानं दिलेलं उत्तर आजही मंडळीला उपयोगी पडतं.

अपूर्णता एका जातीची नसते

‘देव अपूर्ण माणसांना वापरतो’ हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो. तोतरेपणा, लहानपणीचा घाव आणि खून या सगळ्यांना एकाच शब्दात बसवतो. पवित्र शास्त्र नीट वाचलं तर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि प्रत्येकीतून काम होण्याची रीत वेगळी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे उणीव. मोशेला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून अहरोन त्याच्या सोबतीला आला. उणीव माणसाला दुसऱ्याच्या दारात नेते आणि त्यातून मंडळी तयार होते. मराठी पवित्र शास्त्राचा इतिहास हेच सांगतो. इंग्रज मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये बसून मराठी शिकला आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीनं 1811 मध्ये त्याचा मराठी नवा करार श्रीरामपूरला छापून निघाला. परक्यानं दूर देशी केलेल्या त्या कामात कच्चेपणा राहिला. 1826 मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनचं नवं भाषांतर आलं. पुढं पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणलं. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. एकाचं उणं दुसऱ्यानं भरत नेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे घाव. यात माणसाचा अपराध नसतो. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले. ती भूक त्यांनी स्वतः सोसली होती. म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या आल्यावर त्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. तिकडे गेल्या, शेकडो मुली-बायका सोबत आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. भुकेल्याच्या डोळ्यांत काय असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पाप. दावीद राजानं उरियाच्या बायकोला आपल्याकडे आणवलं आणि उरियाला लढाईत मरायला पाठवलं. इथं उणीव नाही, घाव नाही, हा सरळ गुन्हा आहे. यातून मार्ग निघाला तो नाथान संदेष्टा दरबारात उभा राहिला आणि राजाच्या तोंडावर बोलला म्हणून. दावीदानं अपराध कबूल केला. देवानं क्षमा केली, पण परिणाम टळले नाहीत. त्याचं घर आणि राज्य दोन्ही पुढं होरपळले. जक्कय हा जकातदार येशूला भेटला, तेव्हा त्यानं लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं. पापाच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: आधी कबुली, मग भरपाई, मग जमलं तर काम.

उणिवेला मदत लागते, घावाला माया लागते, पापाला कबुली लागते. पापाला ‘माझी उणीव’ म्हणणं ही फसवणूक आहे. घावाला ‘तुझं पाप’ म्हणणं हा अन्याय आहे.

पंगतीतली चूक

पेत्रानं येशूला तीन वेळा नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. मंडळीनं आपल्या पहिल्या पुढाऱ्याची सगळ्यात लाजिरवाणी रात्र पुस्तकातून वगळली नाही. मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीतही तामार, राहाब आणि ‘उरियाची बायको’ यांचा उल्लेख मुद्दाम आहे.

पण मराठी वाचकाला पेत्राची दुसरी चूक जास्त जवळची वाटेल. अंत्युखियात तो यहुदी नसलेल्यांबरोबर एका पंगतीत जेवत असे. यरुशलेमहून कर्मठ मंडळी आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीनं तो पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सर्वांसमोर सुनावलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग जसाच्या तसा आहे.

पंक्तिभेद हा आमच्याही मंडळीचा जुना आजार. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी करणारे नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले होते. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी मांग-महार समाजातल्या लोकांमध्ये काम केलं. अशी माणसं झाली, तरी जात मंडळीच्या उंबऱ्याबाहेर राहिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात भारतीय ख्रिस्ती समाजावर हाच ठपका ठेवला की धर्म बदलला, पण जात गेली नाही. तो ठपका खरा होता, आणि सोयरिकीच्या बोलण्यात आजही अनेक घरांत खरा आहे. आंबेडकर मंडळीबाहेरचे, तरी पौलानं पेत्राला सुनावलं ते काम त्यांनी आमच्यासाठी केलं. देव सुधारणेसाठी बाहेरचा आवाजही वापरतो, असं मी मानतो.

टिळकांचं घर

मराठी ख्रिस्ती मंडळीत या विषयाचा सगळ्यात जिवंत धडा नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसारात आहे.

टिळकांचा जन्म 1861 चा, बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांची शंभराहून अधिक गीतं मराठी उपासनेत रुजली. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. उपासनेत टाळ-मृदंग, अभंग आणि कीर्तन आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला त्यांनी मायबोलीत गायला लावलं.

हाच माणूस घरात कसा होता, हे लक्ष्मीबाईंनी 1934 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं. राग नाकावर. हातात पैसा टिकत नसे, आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे. मनात आलं की न सांगता घराबाहेर. बाप्तिस्म्याचा निर्णय एकट्यानं घेतला आणि बायको लहान मुलासह नातेवाइकांच्या आधाराला पडली. त्या काळात एका हिंदू बाईवर काय कोसळलं असेल, याची कल्पना आजही करवत नाही.

लक्ष्मीबाईंचंही सगळं सरळ नव्हतं. टिळकांकडे परत आल्यावरही त्यांचं सोवळं कडक होतं. नवऱ्याच्या घरात राहूनही त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग एकदा विचार करता करता त्यांना उमगलं की माणूस देवानं केला आणि जाती माणसानं केल्या. त्या दिवशी सोवळं सुटलं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पेत्र ज्या पंगतीतून उठला होता, त्या पंगतीत लक्ष्मीबाई येऊन बसल्या.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं आणि 9 मे 1919 रोजी ते गेले. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या महाकाव्याचा बराचसा भाग पुढं लिहिला. अधीर कवीनं अर्ध्यावर सोडलेलं काम चिवट बायकोनं तडीस नेलं. टिळकांच्या रागातून देवानं काही भलं केलं, असं मी म्हणणार नाही. राग हा रागच होता आणि तो सोसणारी एक बाई होती. पण त्या रागासकट जगणाऱ्या माणसाच्या गीतांतून लोकांना देव भेटला आणि सोसणाऱ्या बाईनं तो राग लपवला नाही. लक्ष्मीबाईंनी टिळकांना देव्हाऱ्यात बसवलं नाही की मातीतही घातलं नाही. प्रेम आणि सत्य एका घरात नांदू शकतात, हे त्यांच्या पुस्तकात पानोपानी दिसतं.

पाणी थांबत नाही म्हणून दांड सोडून द्यायचा का?

इथपर्यंतचं सगळं एखादा लबाड माणूस सहज आपल्या बाजूनं वळवेल. ‘दावीदही चुकला होता, मग माझ्याकडे बोट का दाखवता?’ म्हणून पुढचा भाग नीट समजून घेतला पाहिजे.

अँग्लिकन परंपरेच्या 39 कलमांपैकी 26 वं कलम नेमकं याच प्रश्नावर आहे. त्याचा पहिला भाग सांगतो की सेवकाच्या नालायकीनं संस्काराचं फळ हिरावलं जात नाही. दुसरा भाग तितक्याच स्पष्टपणे सांगतो की अशा सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावं. दोन्ही गोष्टी एकाच कलमात आहेत, त्यातली एक उचलून दुसरी टाकता येत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ही अँग्लिकन परंपराही सामील झाली. कॅथलिक कायद्यातही हेच आहे. गंभीर गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूला त्या पदावरून दूर करता येतं, पण त्यानं आधी दिलेले बाप्तिस्मे कायम राहतात.

दांड फुटला तर शेतकरी विहिरीला दोष देत नाही. पण फुटका दांड तसाच वाहूही देत नाही. खोरं घेऊन बुजवतो, गरज पडली तर दुसरा दांड ओढतो. येशूनंही रीत घालून दिली आहे. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात सांगा, ऐकलं नाही तर दोघा-तिघांसह जा, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढं आणा. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अध्यक्षाची पात्रता सांगितली आहे. तो मद्यपी नसावा, मारझोड करणारा नसावा, पैशाचा लोभी नसावा. क्षमा सगळ्यांसाठी आहे, पद सगळ्यांसाठी नाही.

आणि काही गोष्टी मंडळीच्या हातातही राहत नाहीत. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं कुणालाही चुकत नाही. तिथं ‘आपसात मिटवू’ म्हणणारा पाळक, मंडळीचा वडील किंवा कमिटी देवाच्या क्षमेचं नाव घेऊन त्या लेकरावर दुसरा अन्याय करते.

चौकट: थोडक्यात

• बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि प्रार्थना यांचं फळ देवाकडून येतं. पाळकाच्या दोषानं ते बाद होत नाही.
• काम यशस्वी झालं, म्हणून काम करणारा निर्दोष ठरत नाही.
• उणिवेला मदत, घावाला माया आणि पापाला कबुली व भरपाई लागते. तिन्हींची गल्लत करू नये.
• क्षमा झाली तरी परिणाम आणि शिक्षा टळतीलच असं नाही.
• क्षमा वेगळी, पद वेगळं. पद काढून घेणं म्हणजे क्षमा नाकारणं नव्हे.
• गुन्हा असेल तर कायद्याची वाट धरावी.

मंडळीनं करायचं काय?

लहान मंडळीला मोठ्या यंत्रणेची गरज नाही. तीन साध्या गोष्टी पुरतात.

पहिली, दानपेटी दोघांनी मिळून मोजावी आणि हिशेब महिन्याला सर्वांसमोर वाचावा. पाळक प्रामाणिक असेल तर त्यालाच याचा सगळ्यात जास्त आधार वाटेल. दुसरी, पाळकाला त्याच्या चुका तोंडावर सांगू शकेल असं कुणीतरी मंडळीत असावं, आणि त्या माणसाला ‘फूट पाडणारा’ ठरवू नये. नाथानाशिवाय दावीद सुधारला नसता. तिसरी, उपासनेतली पापकबुलीची प्रार्थना घाईनं उरकू नये. त्या वेळी पाळकही मंडळीसोबत ‘आम्ही’ म्हणून आपला अपराध मान्य करतो. ती काही क्षणांची शांतता गांभीर्यानं पाळली, तर मंडळीला कळतं की पुढं उभा असलेलाही क्षमेवरच जगतो.

यात पाळकाचंही भलं आहे. ज्याला सतत निर्दोष दिसावं लागतं, तो हळूहळू लपवायला शिकतो आणि लपवलेली चूकच पुढं मोठी होते. ज्याला मंडळीत ‘मला मदत करा’ म्हणता येतं, त्याची लहान चूक लहान असतानाच सुटते. तीन-चार गावं एकट्यानं सांभाळणारा, तुटपुंज्या मानधनावर घर चालवणारा पाळक थकतो, चिडतो, एकटा पडतो. त्याच्याकडे संताची अपेक्षा करणाऱ्या मंडळीनं त्याच्या घरी धान्य आहे का, त्याची लेकरं शाळेत जातात का, हेही विचारलं पाहिजे.

आणि ज्यांचा विश्वास एखाद्या पाळकाच्या वागण्यानं तुटला आहे, त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं: तुमचा राग खरा आहे, तो गिळू नका. हिशेब मागा, न्याय मागा. पण त्या माणसाच्या हातून तुम्हाला जे मिळालं, ते त्याच्या मालकीचं कधीच नव्हतं, म्हणून त्याच्या चुकीमुळं ते तुमच्याकडून जातही नाही. तुमचा बाप्तिस्मा तुमचाच आहे. आईसाठी केलेली ती प्रार्थनाही देवापाशी पोचलेली आहे.